मागच्या चाकाची ओल

गाडीचे ब्रेक आधी कुरकुरले, मग खरखरले, आणि दिवाळी उलटून गेल्यावर तर जात्यात खडे भरडल्यासारखा आवाज यायला लागला. मी कळंबच्या एका शाळेत गणित शिकवते. यवतमाळहून रोजचं जाणं-येणं, आमच्या जुन्या छोट्या गाडीनं. आवाज फक्त ब्रेक दाबल्यावर यायचा, म्हणून मी काय केलं, तर ब्रेकच कमी दाबायला लागले. लांबूनच गिअर उतरवायचा, पाय काढून घ्यायचा आणि गाडी आपोआप थांबेल म्हणून वाट बघायची. ही गणिताच्या बाईची अक्कल!

आवाज सगळ्यात आधी नेमका धरला तो बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते आमच्याकडेच राहतात. संध्याकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेले असतात, मी वळणावर आले की उठून फाटक उघडतात. एक दिवस मी गाडी आत घेऊन उतरले तर म्हणाले, "बाई, तुही गाडी कण्हून राह्यली."

"हो बाबा, ब्रेक वाजतात. रविवारी बघते."

"मांगून येते आवाज. डाव्या अंगानं. तेल पाह्यजे तिले."

"ब्रेकला तेल नसतं द्यायचं, बाबा. तेल लागलं तर ब्रेक धरतच नाही."

"असं काय," म्हणाले आणि फाटक लावून घेतलं.

तेलाचं त्यांच्या बाबतीत जरा सांगायला हवं. नेरजवळच्या आमच्या गावात बाबांनी सारा जन्म शेती केली. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडी जुंपायच्या आधी चाकांना वंगण दिल्याशिवाय बाबा कधी निघाले नाहीत. चाक वाजलं तर बैलाला ओढायला जड जातं, आणि बैलाला जड गेलं तर बाबांना रात्री जेवण जायचं नाही. बैल गेले, बंडी गेली, शेत मक्त्यानं कसायला दिलं, पण हाताची सवय गेली नाही. लांब नळीची एक पत्र्याची कुपी आणि तिच्यात पंपाच्या इंजिनमधून काढलेलं काळंकुट्ट ऑइल, एवढं ते गावाहून आमच्याकडे येताना सोबत घेऊन आले होते. आमच्या घरात कुठं काही कुरकुरलं की बाबा कुपी घेऊन हजर. फाटकाची बिजागरी, कूलरचा पंखा, माझं शिलाई मशीन, कपाटाचं दार. शेजारच्या काकूंच्या सायकललासुद्धा एकदा भिंतीवरून हात घालून तेल दिलं त्यांनी. मी चिडायचे. दाराला हात लावला की हात काळे. "बाबा, पुरे करा ना ते तेल," असं किती वेळा म्हणाले असेन.

पण ते का करत होते तेही मला कळत होतं. आई गेली, मला भाऊ नाही, म्हणून बाबांना आमच्याकडे यावं लागलं. आमच्या भागातल्या माणसाला लेकीच्या घरचा घास सहज उतरत नाही. माझा नवरा उमरखेडला नोकरीला आहे, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. तो आला की बाबा खुर्चीवरून उठून उभे राहायचे. तो म्हणायचा, "मामाजी, बसा हो, मी काय पाहुणा आहे का?" बाबा हसायचे आणि तो आत जाईपर्यंत उभेच. त्या घरात आपण काहीतरी कामाचे आहोत हे दाखवायला त्यांच्याकडे दुसरं काय होतं? भाजी निवडणं आणि तेल देणं.

आणि एक भीती होती त्यांना. ती त्यांनी फक्त मलाच सांगितली होती. माझे मोठे काका शेवटी-शेवटी सगळं विसरले होते. स्वतःच्या मुलांना विचारायचे, "तुमी कोन्या गावचे?" त्यांना जेवू घालणं, भलत्याच गल्लीतून घरी आणणं, सगळं बाबांनी केलं. तेव्हापासून बाबा स्वतःवर नजर ठेवून असतात. रोज संध्याकाळी दिवेलागणीला खुर्चीत बसून ते आपल्या दावणीला होऊन गेलेल्या सगळ्या बैलांची नावं म्हणायचे. पहिल्या जोडीपासून शेवटच्या जोडीपर्यंत, कोणती कोणत्या बाजारातून आणली, कोणता बैल मारकुटा होता, सगळं. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. सगळ्या जोड्या नीट लागल्या की ते आत येऊन पाणी मागायचे, आणि त्या पाणी मागण्यात एक खुशी असायची.

गेल्या वर्षात दोन-चार गोष्टी झाल्या होत्या खऱ्या. नळ चालू राहिला. चष्मा कपाळावर आणि शोधाशोध सगळ्या घरात. एकदा मला त्यांनी आईच्या नावानं हाक मारली. त्या दिवशी विचारलं, "बाई, मी इसरून राह्यलो का वं?" मी म्हटलं, "काही नाही विसरत तुम्ही. मीच तुमच्यापेक्षा जास्त विसरते." तेवढ्यानं त्यांना बरं वाटायचं. माझ्या शब्दावर त्यांचा फार भरवसा होता.

तर, ब्रेकचं. मी गाडीचं बरंचसं काम घरीच करते. त्याचं कारण माझा स्वभाव. पूर्वी एका गॅरेजमध्ये गेले होते तर तिथला माणूस माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मॅडम, साहेबांना पाठवा." झालं! माझं डोकं असं सणकलं की मी घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ बघितले, जॅक आणि पाने आणले आणि पुढचे ब्रेकपॅड स्वतः बदलले. साहेब तेव्हा शेजारी टॉर्च धरून उभे होते. त्या दिवशी बाबांनी गल्लीतल्या दोघा-तिघांना फाटकाशी थांबवून सांगितलं होतं, "माह्या पोरीनं केलं."

रविवारी सकाळी अंगणात गाडी घेतली. ऊन कोवळं होतं, नवरा चहा पीत पायरीवर बसला होता. पुढच्या चाकांपासून सुरुवात केली. पॅड चांगले जाड होते, तबकडीवर ओरखडे नव्हते. मग पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला आणि मागचं डावं चाक उचललं. हातानं फिरवलं तर आतून घासत होतं, खर्रर्र, अडकत अडकत. नट काढले, चाक ओढून बाजूला ठेवलं. आणि बघते तर टायरच्या आतल्या बाजूला ओल. काळी, चिकट ओल, ड्रमच्या, म्हणजे ब्रेक झाकणाऱ्या लोखंडी डब्याच्या, मागच्या काठापासून खाली ओघळलेली. बोट लावलं तर बुळबुळीत.

तेल!

माझ्या डोळ्यांसमोर आदल्या दिवसाचं चित्र उभं राहिलं. मी शाळेतून येऊन गाडी लावली, एका पालकाचा फोन सुरू होता, मी बोलत बोलत घरात जात होते, आणि बाबा नेमके याच चाकापाशी उकिडवे बसले होते. हातात कुपी.

बाबा तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात तुरीच्या शेंगा सोलत होते. मी तिथूनच ओरडले, "बाबा! सांगितलं होतं ना मी ब्रेकला तेल घालू नका म्हणून?"

ते गडबडून उठले. शेंगा मांडीवरून सांडल्या. "काय झालं?"

"काय झालं काय! हे बघा. सगळ्या चाकात तेल ओतून ठेवलंय तुम्ही. मी हीच गाडी घेऊन रोज हायवेनं जाते. मेले असते ना मी!"

"नाही वं बाई. म्या तेल नाही टाकलं. मी त पाहून राह्यलो होतो."

"कुपी घेऊन पाहत होतात? काल मी माझ्या डोळ्यांनी बघितलं तुम्हाला."

"कुपी होती हातात... फाटकाले तेल देऊन राह्यलो होतो म्हणून... चाकाले नाही टाकलं."

नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना." त्यानं मध्ये बोलायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं, पण दोष त्याचा नाही. माझ्या जिभेला हाड नाही. शेजारच्या काकू गच्चीवर कपडे वाळत घालता घालता थांबल्या होत्या, जावई समोर बसलेला होता, आणि मी माझ्या बापाला म्हणाले, "बाबा, आठवतं तरी का तुम्हाला, तुम्ही काय करता ते?"

बोलून झालं आणि माझं मलाच ऐकू आलं. पण शब्द काय परत घेता येतात?

बाबा काही वेळ त्या चाकाकडे बघत राहिले. कपाळाला आठ्या पडल्या. मी बघत होते, ते आठवायचा प्रयत्न करत होते. मग त्यांनी जावयाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "टाकलं असन म्या." आणि थोड्या वेळानं, "मले ध्यानात नाही राह्यलं." ओसरीच्या कोनाड्यातून कुपी आणली, माझ्या पान्यांशेजारी नेऊन ठेवली आणि आत गेले.

मी खरं म्हणजे तेव्हाच आत जायला हवं होतं. पण राग अजून उतरला नव्हता, आणि हात काळे होते, आणि समोर उघडलेलं चाक होतं. कामाच्या आड लपायला मला चांगलं जमतं.

ड्रम निघता निघेना. त्याच्या तोंडावर दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट पिळत गेलं की ड्रम बाहेर ढकलला जातो, हे मला ठाऊक होतं. एकदा हा, एकदा तो असं करत पिळत गेले आणि तो एकदम निघून हातात आला. आतून काळी भुकटी सांडली. एका शूचं लायनिंग, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी, लोखंडापासून सुटून तिरकी अडकली होती. ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासत होतं. आवाजाचं कारण सापडलं. म्हटलं, तेलानं पट्टीचा डिंक सुटला असणार, झालं, बाबांनीच केलं.

मग वर नजर गेली. तिथं बोटाएवढं एक सिलिंडर असतं. पायानं ब्रेक दाबला की त्यातलं ब्रेक ऑइल दोन्ही शू बाहेर ढकलतं. त्याच्या टोकावरचं रबर मी स्क्रू ड्रायव्हरनं जरा उचललं. आतून पातळ, पिवळसर तेल टपकलं. थांबलं, पुन्हा टपकलं.

मी उठून बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची बाटली खालच्या खुणेच्याही खाली गेलेली.

"हात पुढे कर," नवरा म्हणाला. त्यानं मगभर पाणी माझ्या बोटांवर ओतलं. बोटं नुसत्या पाण्यानं स्वच्छ झाली. ब्रेक ऑइल पाण्यानं जातं. बाबांच्या कुपीतलं इंजिन ऑइल साबणानंही निघत नाही, माझ्या घरातली सगळी दारं त्याला साक्षी आहेत.

आतूनच गळत होतं ते. कितीतरी दिवसांपासून. चाकाबाहेर आल्यावर ब्रेकची काळी धूळ लागून काळं झालेलं. बाबांनी एक थेंब टाकला नव्हता.

आणि तेव्हा मला आणखी एक आठवलं, ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. आदल्या दिवशी मी फोन कानाला लावून घरात जात होते तेव्हा बाबा मागून म्हणाले होते, "बाई, चाकाखाली ओल दिसून राह्यली." आणि मी फोनवर हात ठेवून म्हटलं होतं, "एसीचं पाणी असेल, बाबा." भर थंडीत एसीचं पाणी! मी एसी लावलाच नव्हता. नुसतं त्यांना गप्प करायला तोंडात आलं ते बोलले. बाबा ओल शोधून काढत होते आणि मी त्याच ओलीसाठी त्यांना धारेवर धरलं.

नवरा म्हणाला, "जा, सांग त्यांना."

"सांगते. आधी हे उघडून घेते सगळं."

"मी सांगू?"

"नको. मी बोलले, मीच सांगेन."

तो उठला. बाबांच्या सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागला.

दुपारी जेवताना बाबा खाली मान घालून जेवले, उठून स्वतःचं ताट घासून ठेवलं. मी आता सांगते, मग सांगते करत राहिले. मनात म्हणायचे, नवीन सिलिंडर आणून बसवू, जुनं हातात घेऊन दाखवू, म्हणजे पटेल. ही सगळी सोंगं. खरं एवढंच की बापासमोर मान खाली घालून उभं राहायची मला लाज वाटत होती. विद्यार्थ्यांना रोज सांगते, चुकलं तर खोडा आणि पुन्हा मांडा. सांगायला काय जातं!

संध्याकाळी खुर्चीतून बैलांची नावं ऐकू आली. मी कान देऊन होते. तिसऱ्या जोडीपाशी बाबा थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथंच थांबले. मग काहीच ऐकू आलं नाही, आणि पाणी मागायलाही कोणी आत आलं नाही. मी पोळ्या लाटत होते. माझे हात थांबले पण पाय हलले नाहीत.

सोमवारी नवरा पहाटे निघून गेला. मी एसटीनं शाळेत गेले, येताना दुकानातून सिलिंडर, ब्रेक ऑइल आणि दोन्ही मागच्या चाकांचे शू घेतले. घरी आले तर कुपी जागेवर नव्हती. विचारलं तर बाबा म्हणाले, "भंगारवाल्याले देऊन टाकली. घरात नसन त हात जानार नाही." मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून त्यांच्या पेटीची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "हे तुह्याजौळ राहू दे. मी कुठी ठेवीन, माहा भरवसा नाही आता."

तेव्हा तरी बोलायचं! मी किल्ली घेतली. अजूनही माझं मन मला तेवढ्यासाठी खातं की मी ती किल्ली घेतली.

मंगळवारी शाळेतून लवकर आले आणि सगळं बसवलं. जुनं सिलिंडर सोडवून नवीन लावलं, शू लावले, त्यांच्या स्प्रिंगा पकडीनं ओढताना दोनदा बोटं चेमटली आणि मला ते बरंच वाटलं. उजव्या बाजूचेही शू बदलले, बाटलीत नवं ब्रेक ऑइल भरलं. आता पाइपात शिरलेली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकापाशी छोटा नट ढिला करून हवा सोडायची, नट आवळायचा, मग आतल्यानं पाय उचलायचा. नट उघडा असताना पाय उचलला तर हवा परत आत.

मी आत गेले. "बाबा, जरा गाडीत बसता का? ब्रेक दाबायचा आहे."

पूर्वी असं म्हटलं असतं तर ते चपला न घालताच धावले असते. ते म्हणाले, "मी नको, माय. माह्याकून चुकी होईन. शेजारच्या काकूले बलाव."

"तुम्हीच पाहिजे मला."

"काही उलटं दाबलं त तुही गाडी लागन कुठी."

मी हाताला धरून आणलं. सीटवर बसवलं, पाय कुठं ठेवायचा ते दाखवलं. मग चाकापाशी येऊन बसले. "दाबा, बाबा."

"दाबलं. बरोबर दाबलं ना?"

"बरोबर आहे. धरून ठेवा." नट सोडला, फुसफुस करत बुडबुडे आले, नट आवळला. "सोडा."

"सोडलं. तू सोड म्हटलं होतं ना? का दाब म्हटलं होतं?"

"सोडा म्हटलं होतं. बरोबर आहे."

असं प्रत्येक वेळी. दाबलं ना बरोबर? सोडलं ना बरोबर? ज्या माणसानं दोन बैल नुसत्या आवाजावर चालवले, तो माझ्या ब्रेकवर पाय ठेवून विचारत होता, की तू मला आता काय सांगितलंस. त्यांनी एकदाही चूक केली नाही. एकदाही नाही. आणि मी चाकाआड बसून रडत होते, आवाज न करता, हात तेलाचे म्हणून डोळेही पुसता येत नव्हते.

शेवटी नुसतं तेल आलं, हवा संपली. चाकं लावली, गाडी खाली उतरवली, अंगणातल्या अंगणात मागेपुढे करून बघितली. ब्रेक घट्ट लागत होता. आवाज नाही. मी जुनं सिलिंडर हातात घेऊन पायरीवर बसलेल्या बाबांच्या समोर जमिनीवर बसले.

"बाबा, हे बघा. हे त्या चाकातून निघालं. याचं रबर फाटलं होतं, आतलं तेल यातून गळत होतं. ब्रेकचं तेल. तुमचं नाही. तुम्ही तेल टाकलंच नव्हतं."

त्यांनी ते हातात घेतलं, फिरवून बघितलं. "बरं," म्हणाले.

"बरं काय? मी चुकले बाबा. मी उगाच तुम्हाला नाही नाही ते बोलले. चार लोकांत बोलले. मला माफ करा."

"असू दे वं. तू काय परकी हायेस?"

"असू दे नाही. तुम्ही तर मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, चाकाखाली ओल आहे म्हणून. मी फोनवर होते, लक्ष दिलं नाही. आठवतं ना तुम्हाला?"

पुन्हा त्या आठ्या. पुन्हा तेच शोधणं. मी मूर्ख, मी पुन्हा तोच प्रश्न विचारला होता. बाबांनी मान हलवली. "नाही आठवत मले." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू चांगली हायेस, माय. माह्या जिवाले लागू नये म्हणून सांगून राह्यली."

"नाही हो बाबा! खरं सांगते. आईची शप्पथ."

"दादाले मी असंच सांगो," ते म्हणाले. दादा म्हणजे माझे मोठे काका. "थो गोठ्याचं दार उघडं ठेवून जाये. ढोरं लोकायच्या वावरात. मी म्हणो, दादा, तुमी नाही, म्याच उघडं ठेवलं. शप्पथ खाओ. लय बरं वाटे त्याले." आणि हसले. "मले मालूम हाये हे सारं."

 मी तिथल्या तिथं नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला. त्यानं पार मगातल्या पाण्यापासून सगळं सांगितलं. "मामाजी, मी स्वतः बघितलं. तुमचा काहीच संबंध नाही." बाबा फोनपुढे वाकून आदबीनं म्हणाले, "हो, हो, जवाईबुवा. बरं झालं सांगतलं तुमी." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "मानूस चांगला भेटला तुले. तू सांगतलं तसंच सांगतलं त्यानं."

जितकं पटवावं तितकं ते जास्त मायेनं माझ्याकडे बघायचे. पुरावा वाढला की त्यांची खात्री वाढायची, की पोरगी आपल्यासाठी किती करते. मी पेटीची किल्ली परत त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती माझ्या नकळत देवघरात ठेवून दिली. यवतमाळातल्याच एका डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी चार प्रश्न विचारले, चित्रं दाखवली, म्हणाले वयाच्या मानानं उत्तम आहे. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "डाक्टरले तूच आधी फोन केला असन." मी केला होता, वेळ घ्यायला. 

गाडी आता गुणाची चालते. कळंबच्या रस्त्यावर हवा तसा ब्रेक दाबते, काही वाजत नाही. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, कोणत्या गॅरेजला टाकली होती? मी सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. सुट्टी होती. मी गॅसवर दूध ठेवलं आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. तिथं बहिणीसारख्या एका मैत्रिणीचा फोन आला, बोलत बसले. करपल्याचा वास वरपर्यंत आला तेव्हा धावत खाली आले. बाबा फाटकापासून उठून आधीच आत पोचले होते. गॅस बंद केलेला, फडक्यानं धरून पातेलं त्यांनी खाली उतरवलं होतं, बूड पार कोळसा. या घरात आल्यापासून बाबांनी गॅस कधी पेटवलेला नाही. त्यांना तो लायटर जमत नाही, भीती वाटते.

मला बघून ते ओशाळले. "माफ कर, माय. म्याच ठेवलं असन."

"बाबा, दूध मी ठेवलं होतं. मी विसरले. तुम्ही तर बाहेर बसला होतात."

"हो माय," ते म्हणाले, अगदी समजुतीच्या सुरात, "तूच ठेवलं होतं." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी नळाखाली पातेलं धरलं, घासणी घेतली आणि करपलेलं बूड खरवडायला लागले.